गळ टाकण्यापूर्वी

गळाने मासे धरायला शिकायचे म्हटले तर सामान फारसे लागत नाही. वेळूची एक सरळ, टोकाशी लवचीक काठी. काठीच्या लांबीइतकी नायलॉनची तंगूस. तिच्या टोकाला लहानसा गळ. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा एक मणी. आणि त्याच्याही वर, पाण्याच्या खोलीचा अंदाज घेऊन बांधलेली, पाण्यावर तरंगत राहील अशी मोरपिसाच्या दांडीची कांडी. गांडुळे ओल्या मातीत सापडतात. ती नसली तर मळलेली कणीक चालते. भंडारा जिल्ह्यात पाणी शोधायला जावे लागत नाही. गावच्या तलावाच्या पाळीवर चढले की ते समोरच असते. नवशिक्याने ऊन चढण्याआधी बसावे किंवा ते उतरल्यावर बसावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, पाय आपटू नयेत, आणि कांडी नुसती थरथरली म्हणून हिसका देऊ नये. ती तिरपी होऊन पाण्याखाली जाऊ लागली म्हणजे मनगटाने काठी हलकेच उचलावी. एवढे सांगितले की धडा संपला. बाकीचे सवयीने येते.

परंतु या सामानात न मावणारा एक प्रश्न आहे आणि तो घराघरांतून दर दिवाळीला विचारला जातो. सुट्टीत मुले मामाच्या गावी येतात. मामेभाऊ काठी घेऊन पाळीकडे निघाले की तीही मागे लागतात. मग घरातली एखादी आजी म्हणते, "सणासुदीच्या दिवसांत जिवाची हत्या कशाला रे?" आणि एखादे काका उत्तर देतात, "ताटात वाढलेला मासा काय आपल्या पायांनी चालत येतो?" दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि दोघेही अर्ध्या वाटेवर थांबतात. ज्याची चूल माशावाचून अडलेली नाही त्याने केवळ हौस म्हणून गळ टाकावा काय, हा तो प्रश्न. हौस म्हटले की आपण विचार थांबवतो. पण ज्या हौशीत दुसऱ्या कोणाचा तरी प्राण जातो तिथे विचार सुरू व्हायला हवा.

मराठी भाषेने गळाविषयी आपले मत केव्हाच नोंदवून ठेवले आहे. भोळा मनुष्य लबाडाच्या गळाला लागतो, त्याच्या जाळ्यात सापडतो, आमिषाला भुलतो. 'आमिष' या शब्दाची गंमत अशी, की संस्कृतात त्याचा अर्थ मांस असाही आहे. म्हणून तर मांस वर्ज्य केलेल्या जेवणाला आपण निरामिष म्हणतो. म्हणजे माशाला भुलवणारा घास आणि माणसाच्या जिभेला भुलवणारा घास यांना भाषेने एकच नाव दिले आहे. गळाला लागलेले दोन प्राणी असतात, एक पाण्यातला आणि एक काठावरचा, असेही कोणी यावरून म्हणेल.

तेव्हा पहिला आक्षेप फसवणुकीचा. मासा भुकेपोटी येतो आणि घासात काटा निघतो. हा विश्वासघात नव्हे काय? मला हा आक्षेप तितकासा टिकणारा वाटत नाही. विश्वासघात होण्यासाठी आधी विश्वास असावा लागतो. बगळा आणि मासा यांच्यामध्ये तो नसतो, माणूस आणि मासा यांच्यामध्येही एरवी नसतो. पाण्यावर सावली पडताच पळणारा मासा आपल्याला मित्र समजत नाही. मात्र जिथे माणसाने मुद्दाम विश्वास उत्पन्न केला तिथे गोष्ट बदलते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, या त्यातल्या उल्लेखामुळे मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात. याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. माशांच्या जाती, त्यांच्या राहण्याच्या जागा, काठी व दोर यांची माहिती त्यात आहे. आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावे हेही आहे. आधी पोसायचे, मग गळ टाकायचा. राजाच्या विनोदातला हा भाग मात्र मनाला खटकतो. रोज पोहे टाकून माशांना घाटाशी यायची सवय लावावी आणि एक दिवस त्याच पोह्यांत काटा लपवावा, याला फसवणूक म्हणायला माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा. तो जुना आहे, आणि त्याचे एक उत्तरही जुने आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'त सहाव्या अंकाच्या आरंभी राजाचे रक्षक एका धीवराला बांधून आणतात. त्याच्याजवळ दुष्यंताच्या नावाची अंगठी सापडलेली असते. जाळे आणि गळ यांवर आपण कुटुंब पोसतो, असे तो सांगतो, तेव्हा अधिकारी कुचेष्टेने त्याच्या धंद्याच्या 'पावित्र्या'चे कौतुक करतो. त्यावर तो गरीब माणूस दोन गोष्टी सुनावतो: वाट्याला आलेले काम लोकांनी निंदिले तरी सोडू नये, आणि ज्या श्रोत्रियाला सारे दयाळू म्हणतात तोही यज्ञात पशू मारताना कठोर होतोच. जन्माने काम ठरावे हा त्यातला पहिला भाग आज आपण मान्य करणार नाही, आणि करूही नये. दुसरा भाग मात्र दीड हजार वर्षांनंतरही तसाच उभा आहे. बोट दाखवणाऱ्याने आधी आपला हात पाहावा. त्या धीवराला अंगठी मिळाली ती रोहित माशाच्या पोटात. रोहित म्हणजे आपला रोहू. आणि भंडाऱ्याच्या तलावांवर रोहू धरणाऱ्या समाजाचे नाव आजही धीवर, बोलण्यात ढिवर, हेच आहे. संस्कृत कोशांत या शब्दाचा 'अतिशय बुद्धिमान' असाही अर्थ दिलेला आढळतो. जाळे विणणाऱ्या, पाण्याचा रंग पाहून तळ ओळखणाऱ्या माणसाला तो शोभतो.

ढिवराला आपल्या क्षमेची गरज नाही, हे इथेच स्पष्ट करून टाकावे. त्याचा मासा म्हणजे त्याचे श्रम, त्याच्या मुलांची शाळा, औषधपाणी. प्रश्न आहे तो हौशी माणसाचा. आणि त्याला धीवराचे उत्तर उसने घेता येत नाही. पोटासाठी केलेल्या कर्माचे समर्थन मन रमवण्यासाठी केलेल्या कर्माला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या शिधापत्रिकेवर धान्य उचलण्यासारखे आहे.

मग हौशी माणूस काय म्हणेल? तो म्हणेल, गळ हे निमित्त आहे. खरी मिळकत म्हणजे शांतता. इंग्रजीत या मताचा मोठा आधारग्रंथ आहे. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली निघाले. त्यात एक मासेमारी जाणणारा एका नवशिक्या शिकाऱ्याला चालता-बोलता धडे देतो आणि गळाचा छंद चिंतनशील माणसाला कसा मानवतो हे समजावतो. पुस्तक गोड आहे. परंतु कवी बायरनने त्यावर अशी टिप्पणी केली, की या वृद्धाच्याच घशात गळ अडकवून दोर एखाद्या लहानशा माशाच्या हाती द्यायला हवा होता. बायरनचा विनोद कडू असला तरी त्यातला प्रश्न टाळता येत नाही. शांतता तर गळावाचूनही मिळते. पाळीवर नुसते बसा; पलीकडे कमळे आहेत, पाणकावळे पंख वाळवीत आहेत, धानाच्या बांधीतून वारा येतो आहे. या शांततेत काटा कशासाठी?

मला वाटते, गळाने शांततेत भर पडत नाही. भर पडते ती जबाबदारीत. नुसता बसलेला मनुष्य प्रेक्षक असतो. गळ टाकलेला मनुष्य त्या पाण्याच्या व्यवहारात उतरलेला असतो. त्याच्या मनगटाच्या हालचालीवर कोणाचे तरी मरण अवलंबून असते. बाजारातून मासे आणणारा हे मरण पैसे देऊन पडद्याआड करवून घेतो. कापलेले, धुतलेले तुकडे पिशवीतून घरी येतात, आणि तो जीव होता हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. ज्याने स्वतः मासा पाण्याबाहेर काढला, त्याची तडफड पाहिली, ती लवकर संपवणे हे आपलेच काम आहे हे ज्याला समजले, त्याला पानात मासा टाकून उठणे जड जाईल. हौशी गळाचे नैतिक समर्थन असलेच तर ते एवढेच आहे: तो पडदा दूर करतो. पण त्यासाठी धरलेला मासा खाल्ला पाहिजे, आणि मरण स्वतःच्या हाताने, चटकन दिले पाहिजे. मरळासारखा मासा तर हवेत श्वास घेतो. ओल्या गोणपाटात तो तासन्‌तास जिवंत राहतो. त्याला तसाच टोपलीत टाकून गप्पा मारीत घरी जाणे हे मारण्याहून वाईट आहे.

इथे सुशिक्षित तरुण एक नवा मार्ग सुचवतात: धरावा आणि सोडून द्यावा, खेळही झाला आणि हत्याही टळली. वरवर पाहता हे दयेचे वाटते. परंतु माशाला वेदना होते की नाही? एडिंबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. माशाच्या तोंडाशी इजा ओळखणारे मज्जातंतू आहेत असे त्यांना आढळले. ओठांत आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले, आणि आम्ल किंवा मधमाशीचे विष टोचलेल्यांनी बराच वेळ अन्न घेतले नाही. माशाच्या जाणिवेविषयी शास्त्रज्ञांमधला वाद सर्वस्वी मिटलेला नाही; पण शंकेचा फायदा कोणाला द्यायचा हे तर आपल्याच हाती आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली अमलात आलेल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांनी सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरण्याला मनाई केली. त्यामागचा विचार सरळ आहे: खाण्यासाठी दिलेल्या दुःखाला काहीतरी कारण असते; केवळ खेळासाठी दिलेल्या दुःखाला ते नसते. फार लहान मासा, किंवा नको तो मासा गळाला आला तर तो ओल्या हाताने हलकेच सोडावा, हे योग्यच. परंतु सोडण्याचे पुण्य जोडण्यासाठी धरणे हा उलटा हिशेब झाला.

"मुळात मासा खाताच कशाला?" असे आजी पुन्हा विचारील. ज्याच्यापुढे दुसरे अन्न आहे त्याला या प्रश्नाचे निर्णायक उत्तर देता येत नाही, हे मी कबूल करतो. आजीला एवढेच नम्रपणे सांगावेसे वाटते, की आपल्या पानातला चिन्नोरचा भातही माशापासून फार दूर नाही. धान पिकते ते तलावाच्या पाण्यावर. पाऊस ओढ देतो तेव्हा शेतासाठी तलाव उपसला जातो, पाणी तळाला जाते आणि त्याबरोबर मासेही मरतात. शेतकऱ्याला पाणी हवे आणि ढिवरालाही हवे, ही ओढाताण या जिल्ह्याला नवी नाही. निरामिष पानामागेही कोणाचे तरी पाणी आटलेले असते. यावरून सारे सारखेच दोषी असे ठरत नाही. फक्त कोणाचेच हात इतके कोरडे नाहीत की दुसऱ्याचे ओले हात पाहून नाक मुरडावे, एवढे ठरते.

हे पाणी कोणाचे, हा त्यानंतरचा प्रश्न. आणि नवशिक्याला तो सहसा सुचतच नाही. तलाव दिसला की तो देवाने दिलेला वाटतो. भंडाऱ्यातले तलाव देवाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार पाहून, मातीची पाळ घालून ते बांधले. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे मानतात. १९९९ साली जिल्हा विभागल्यावर तो गोंदिया जिल्ह्यात गेला. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या नावावर चढले. भंडारा मध्य प्रदेशात असताना, ३१ मार्च १९५१ रोजी, मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मामाच्या गावी सुट्टीला आलेल्या मुलांना हे नाव ऐकून हसू येते, पण त्या दोन अक्षरांत एवढा इतिहास आहे.

आज यांपैकी पुष्कळ तलावांवरचा मासेमारीचा हक्क ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने घेतात. आणि इथे निसर्गाचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रोहू, कतला, मृगळ हे मासे कोंडलेल्या, स्थिर पाण्यात आपणहून वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहत्या नदीचा पूर लागतो. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि तळ्यांत बीज सोडण्याचा मार्ग देशभर मोकळा झाला. म्हणजे गावच्या तलावातला रोहू बहुधा रानचा नसतो. संस्थेने पैसे मोजून मत्स्यजिरे किंवा बोटुकली आणून सोडलेली असते. धानाची रोपे लावावीत तशी ती पाण्यातली लावणी असते. पाळीवर बसून न विचारता रोहू ओढणारा हौशी मनुष्य, आपण निसर्गाच्या सान्निध्यात आहोत अशा समजुतीत, दुसऱ्याच्या उभ्या पिकातली लोंबी तोडत असतो. म्हणून गळाच्या सामानात, काठीच्याही आधी, एक वाक्य हवे: "दादा, इथे बसू का?" संस्था नाही म्हणाली तर परत यावे. हो म्हणाली तर काय धरायचे, किती आणि कुठे, तेही तिलाच विचारावे.

हे विचारणे केवळ मालकीसाठी नसते. त्यातून ज्ञान मिळते, आणि ज्ञानानेच हात थांबतो. मरळाचेच पाहा. पावसाळ्यात काठच्या गवतात तो घरटे करतो. अंड्यांवर, आणि पुढे पिलांवर, आईबापांची राखण असते. तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठाशी फिरताना दिसतो आणि खाली मोठा मरळ पहारा देत असतो. त्या थव्याजवळ काही पडले तर तो झडप घालतो. ती भुकेची झडप नव्हे, राखणीची झडप असते. गळ टाकणाऱ्याला याहून सोपा मासा नाही. आणि नवशिक्याला तर पहिल्याच दिवशी मोठा मरळ मिळाल्याचा आनंद आकाशात मावत नाही. पण त्या एका माशाबरोबर राखण उठते आणि थवा इतर माशांच्या तोंडी जातो. भूक ओळखून मासा धरणे आणि माया ओळखून मासा धरणे यांत फरक आहे. तो कोणत्याही कायद्यात लिहिला नसला तरी ज्याने पाहिला त्याच्यावर बंधनकारक आहे.

असा फरक राजाज्ञेत उतरवण्याचा प्रयत्न या देशात फार पूर्वी झाला होता. सम्राट अशोकाने अभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासाच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस अशा ठरलेल्या दिवशी मासे मारू नयेत व विकूही नयेत, असे सांगितले आहे. गाभण किंवा पाजती शेळी, मेंढी, डुकरीण आणि त्यांची सहा महिन्यांच्या आतली पिले यांनाही त्याने अभय दिले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अशोकाने मासेमारी बंद केली नाही. तिला मर्यादा घातली. भंडारा जिल्ह्यातच वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडे झाले. त्या स्तूपाशी अहिंसेचा उपदेश ऐकणाऱ्यांच्या कानांवर नदीतल्या जाळ्यांचा आवाज येतच असणार. संपूर्ण अहिंसा आणि बेछूट हिंसा यांच्यामध्ये माणसाला राहायला जी थोडी जागा आहे, तिचे नाव मर्यादा.

आणि मर्यादेबरोबर परतफेडही आली. गेल्या काही वर्षांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना बरोबर घेऊन तलावांची डागडुजी हाती घेतली. स्त्रीपुरुषांनी तलावात माजलेली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि माशांना खाद्य व आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. जे मासे दिसेनासे झाले होते त्यांना परत यायला जागा केली. धरण्याआधी माशासाठी घर बांधणारी ही माणसे 'मासेमारी' या शब्दात मावत नाहीत. मारण्यापेक्षा राखण्यात त्यांचे जास्त दिवस जातात.

तेव्हा शिकू इच्छिणाऱ्या मुलाला गळ नाकारावा असे मला वाटत नाही. त्याला तो द्यावा, पण क्रम बदलून द्यावा. आधी त्याने ढिवरकाकांबरोबर एक उन्हाळा बेशरम उपटायला जावे, एक पावसाळा काठच्या गवतातले तांबूस थवे नुसते पाहावेत, माशांची नावे त्यांच्याच तोंडून शिकावीत. मग दिवाळीला, पाऊस सरलेला असतो, मरळाची पिले बहुतेक पांगलेली असतात, तलाव भरलेले असतात, तेव्हा विचारून एका कडेला बसावे. घरात जितकी पाने तितके मासे झाले की काठी गुंडाळावी. आजीला मासा चालत नसेल तर तिचे पान मोजू नये.